केबल काढून हायड्रॉलिक क्लच बसवू का?

चिपळूणच्या एका गाडीमालकांनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. घरात 1998ची मारुती 800 आहे, वडिलांच्या हातची. वर्षभरात तिचा क्लच जड होत गेला आणि आता कुंभार्ली घाटात ट्रकांच्या मागे अडकलं की डावा पाय भरून येतो. मध्यंतरी केबल नवीन टाकली, महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. गॅरेजवाल्याचं म्हणणं, केबलच्या गाड्या जुन्या झाल्या की असंच होतं, हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबाने चालणारा, करून देतो, क्लच एकदम मऊ होईल. मेव्हण्यांच्या क्वालिसचा क्लच हायड्रॉलिक आहे आणि तो खरंच हलका लागतो, म्हणून त्यांनाही ते पटतंय. जोडीला एक उपप्रश्न आहे: पुढे हौसेखातर एखादी जुनी गाडी घ्यायची झाली, तर केबल क्लचची बघावी की हायड्रॉलिकची?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. 800ला हायड्रॉलिक करू नका. मी केबलच्या बाजूचा माणूस आहे असं नाही. ज्या गाडीला कंपनीने जे दिलं ते नीट चालत असेल तर दोन्ही उत्तम. पण तुमच्या गाडीचा प्रश्न केबल की हायड्रॉलिक हा नाहीच. ही 800 नवी होती तेव्हाही तिला केबलच होती, आणि तेव्हा तिचा क्लच पायाच्या चवड्याने दाबला जायचा. 796 सीसीच्या इंजिनाला लागणारी प्रेशर प्लेट ती केवढी! म्हणजे केबल असणं हे जडपणाचं कारण नव्हे. मधल्या काळात काहीतरी बदललंय, आणि ते शोधल्याशिवाय वरची यंत्रणा बदलली तर दुखणं तसंच राहील, फक्त खर्च वाढेल.

पेडल दाबायला जो जोर लागतो तो शेवटी जातो कुठे? गिअरबॉक्सच्या तोंडाशी, घंटेत, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचात, फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, प्रेशर प्लेट बसलेली असते. तिच्यात ताटलीसारखी डायफ्रॅम स्प्रिंग असते. फोर्क नावाची तरफ रिलीज बेअरिंग पुढे ढकलते, त्याने या स्प्रिंगची बोटं दाबली की क्लच प्लेट मोकळी होते. ही स्प्रिंग दाबायला लागणारा जोर ठरलेला आहे. तो तारेने पोचवा नाहीतर तेलाने, स्प्रिंगला काही फरक पडत नाही. पेडलची तरफ, फोर्कची तरफ आणि हायड्रॉलिक असेल तर दोन सिलिंडरांच्या व्यासातला फरक, यांच्या गुणोत्तरावर पायाला किती जोर लागणार हे ठरतं. आणि जोर कमी केला की प्रवास वाढतो, यातून कोणाची सुटका नाही.

आकड्यात सांगतो. समजा पेडलजवळचा मास्टर सिलिंडर पाच अष्टमांश इंची आहे आणि खालचा, गिअरबॉक्सजवळचा स्लेव्ह पाऊण इंची. क्षेत्रफळांचं गुणोत्तर येतं 1.44. म्हणजे जोर 1.44 पट होऊन पोचतो, पण मास्टरचा पिस्टन 30 मिलिमीटर सरकला तर स्लेव्हचा जेमतेम 21 मिलिमीटर सरकतो. हेच काम केबलच्या गाडीत पेडलच्या वरच्या टोकाची लांबी कमी-जास्त करून करता येतं आणि कंपन्या ते करतातच. क्वालिसचा क्लच हलका आहे कारण टोयोटाने त्या गाडीसाठी ही सगळी गुणोत्तरं हिशोबाने बसवली आहेत. तेल आहे म्हणून तो हलका नाही.

मग दोघांत फरक कसला? वाटेत किती जोर वाया जातो, याचा. केबलमध्ये आतली तार बाहेरच्या आवरणाला घासत जाते, आणि वळण जितकं जास्त तितकं घर्षण वाढत जातं. हे घर्षण सरळ हिशोबाने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. केबल अर्धवर्तुळाइतकी वळलेली आहे असं धरा. आतलं प्लास्टिकचं अस्तर चांगलं असेल, घर्षणांक 0.05, तर पायाकडे सुमारे 17 टक्के जास्त जोर लागेल. अस्तर झिजून घर्षणांक 0.1 झाला तर 37 टक्के. गंज धरून 0.2 झाला तर 87 टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. गाडी तीच, प्रेशर प्लेट तीच, वळणही तेच. म्हणून केबल बदलताना तिचा रस्ता बघायचा असतो. जुनी केबल जिथून गेली होती तिथूनच, त्याच क्लिपांमधून नवी गेली पाहिजे. घाईत क्लिप लावली नाही, केबल स्टार्टरच्या मागून दाबून घेतली, की नवीन केबलही पहिल्या दिवसापासून जड चालते. तेलाला मात्र वळणाचं काही वाटत नाही. नळी कशीही फिरवा, दाब तेवढाच पोचतो. इंजिनाची खोली गच्च भरलेल्या गाड्यांत, किंवा डिझेलच्या मोठ्या प्रेशर प्लेटच्या सुमोसारख्या गाड्यांत हायड्रॉलिक दिलं गेलं ते यासाठी. 800मध्ये इंजिन आडवं, गिअरबॉक्स पेडलपासून हाताच्या अंतरावर. तिथे छोटी, स्वस्त, हलकी केबल हाच शहाणपणाचा निर्णय होता.

आता तुमच्या गाडीकडे वळतो. तुमच्या प्रश्नातली दोन वाक्यं मला महत्त्वाची वाटली. एक, क्लच ‘हळूहळू’ जड झाला. दोन, नवीन केबलने महिनाभरच बरं वाटलं. ही दोन वेगवेगळी लक्षणं आहेत आणि दोघांची कारणं वेगळी असू शकतात.

हळूहळू जड होण्यामागे बहुतेक वेळा क्लच प्लेटची झीज असते. लोकांना हे उलट वाटतं. प्लेट झिजली म्हणजे क्लच ढिला पडायला हवा, असा समज. प्रत्यक्षात प्लेट पातळ होते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि डायफ्रॅमची बोटं उलट बाहेर, बेअरिंगकडे येतात. स्प्रिंगचा कोन बदलतो आणि ती दाबायला जास्त जोर लागायला लागतो. त्याच वेळी केबलमधली ढील कमी होत जाते आणि क्लच पेडलच्या वरच्या टोकाला पकडायला लागतो. तेव्हा आधी हे बघा: पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलते का? आणि ती पकड पूर्वीपेक्षा वर गेली आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर प्लेट संपत आली आहे असं समजा, मग केबलला दोष देण्यात अर्थ नाही. घाटात तिसऱ्या गिअरवर ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी ओढत नाही, असं होत असेल तर शंकाच नको.

आता नवीन केबल महिन्याभरात का बिघडली असेल? यात हलक्या प्रतीची केबल हे एक कारण आहेच, पण मी आधी दुसरीकडे बघेन: अर्थिंगची पट्टी. इंजिन-गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात, त्यामुळे बॅटरीच्या निगेटिव्हला बॉडी आणि इंजिन जोडणारी जाड पट्टी लागते. कोकणातल्या दमट हवेत ही पट्टी हिरवी पडते, बोल्टखाली गंज धरतो, कधी गिअरबॉक्स उतरवल्यावर ती परत लावलीच जात नाही. स्टार्टर मारला की करंट जायला वाट शोधतो, आणि इंजिन ते बॉडी अशी दुसरी धातूची वाट म्हणजे क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. स्टार्टरचा करंट त्या बारीक तारेतून गेला की ती आतून तापते, प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि तारेला चिकटतं. बाहेरून केबल नवीकोरी दिसते, आत खरखर. मालक म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला, आणि तिसरी केबल टाकतो. तपासायचं सोपं आहे: सकाळी गाडी चार-पाच वेळा स्टार्ट केल्यावर क्लच केबलला हात लावून बघा. कोमट लागली तर पट्टी काढून, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून परत घट्ट करा. नवी टाकली तर उत्तमच, फार पैसे पडत नाहीत.

दुसरं बघायचं ते सायलेन्सरचं अंतर. इंजिनाचं काम झाल्यावर केबल जागच्या क्लिपमधून निसटून एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर तीच गत होते.

आणि चिपळूण म्हटल्यावर विचारणं भाग आहे, ही गाडी जुलै 2021च्या पुरात होती का? पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांची सीटं, वायरिंग लोकांनी बदलली, पण क्लचच्या घंटेत गाळ गेला तो कोणी पाहिला नाही. फोर्कच्या शाफ्टच्या बुशांत माती गेली की तो शाफ्ट मळलेला फिरतो आणि पेडल जड लागतं. याच पुराची, किंवा नुसत्या पावसाळ्यात दोन महिने एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीची आणखी एक गंमत असते. क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटून बसते. मग पेडल पूर्ण दाबलं तरी गिअर पडत नाही, आणि मेकॅनिक केबल आवळत बसतो. त्यात ना केबलचा दोष, ना तेलाचा. इंजिन गरम करून, बंद करून, समोर मोकळी जागा आणि हँडब्रेक हाताशी ठेवून, क्लच दाबून दुसऱ्या गिअरमध्ये स्टार्टर मारला की बहुतेक वेळा एका झटक्यात सुटते. ज्यांना हे करायची सवय नाही त्यांनी मात्र गॅरेजवाल्यालाच करू द्यावं.

तपासायचा क्रम असा ठेवा. आधी गिअरबॉक्सच्या बाजूला केबलचं टोक नट काढून फोर्क फिरवणाऱ्या लिव्हरमधून सोडवा. आता पेडल हाताने दाबून बघा. फक्त पेडल आणि केबल हलतेय, तिथे नुसतं करंगळीने दाबल्यासारखं वाटलं पाहिजे. अडकत असेल, करकर करत असेल तर दोष इथेच, केबलमध्ये किंवा पेडलच्या बुशात. पेडल मऊ चाललं तर लिव्हरला हात घाला. थोडं अंतर ती मोकळी हलली पाहिजे आणि मग बेअरिंग स्प्रिंगला टेकल्याचं कळलं पाहिजे. मोकळं हलतानाच ती जड असेल तर शाफ्टचे बुश कोरडे पडलेत किंवा गंजलेत. तेही ठीक असेल तर दोष प्रेशर प्लेटमध्ये, आणि गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. हे सगळं करायला एक पाना आणि अर्धा तास पुरतो, आणि यातलं काहीही हायड्रॉलिक किटने बरं होत नाही. फोर्कचा शाफ्ट सुकलेला असेल तर तेलावर चालणारा स्लेव्ह सिलिंडर तो सुकलेला शाफ्टच ढकलणार ना?

गिअरबॉक्स उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही एकदम बदला. फक्त प्लेट टाकून पैसे वाचवणारे लोक सहा महिन्यांनी परत मजुरी देतात. शाफ्टचे बुश तेव्हाच बदलून घ्या, आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या स्प्लाइनवर, म्हणजे खाचांवर, ग्रीस अगदी नखाएवढंच लावू द्या. जास्त लागलेलं ग्रीस उडून नव्या प्लेटवर बसतं आणि मग गाडी निघताना थरथरते. डायफ्रॅमवाली प्रेशर प्लेट निवडताना तुमच्या मॉडेलचीच घ्या. ‘हेवी ड्युटी’ म्हणून विकली जाणारी प्लेट मजबूत असेल, पण स्प्रिंग कडक असल्यामुळे पेडल जड होणारच. घरच्या 800ला ती कशाला?

केबलमध्ये तेल घालावं का, हा प्रश्न हमखास येतो. आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या नव्या केबलला घालू नका. तेलाला धूळ चिकटते आणि ती धूळ अस्तर खाते. अस्तर नसलेल्या जुन्या पद्धतीच्या केबलला मात्र पातळ तेल लागतंच, दर पावसाळ्याआधी. कोणती आहे ते कळत नसेल तर केबलचं कापलेलं टोक बघा, तारेभोवती पांढरी किंवा काळी प्लास्टिकची नळी दिसते की नाही.

आता गॅरेजवाल्याच्या किटविषयी. त्याचा हेतू वाईट आहे असं मी म्हणणार नाही. काही गाड्यांवर असा बदल खरंच फायद्याचा ठरतो, विशेषतः इंजिनच बदललेल्या जीप-प्रकारातल्या गाड्यांवर, जिथे पेडल एकीकडे आणि गिअरबॉक्सची लिव्हर भलतीकडे येते. तिथे केबलला सरळ रस्ताच मिळत नाही. पण 800च्या बाबतीत अडचणी बघा. पहिली, केबल लिव्हरला ओढते, स्लेव्ह सिलिंडर सर्वसाधारणपणे ढकलतो. म्हणजे स्लेव्ह लिव्हरच्या उलट्या बाजूला बसवायला नवीन ब्रॅकेट करावा लागेल, आणि तो ब्रॅकेट जरा जरी लवला तर पेडलचा प्रवास तिथेच मुरतो. दुसरी, मास्टर सिलिंडर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर बसवायचा. त्या पत्र्यावर ब्रेकचा मास्टर बसायची जागा मजबूत केलेली असते, बाकीची नसते. केबलच्या गाडीतही फायरवॉलवर जोर येतोच, कारण आतल्या तारेला जेवढी ओढ तेवढाच दाब बाहेरच्या आवरणावर असतो. पण तो जोर कंपनीने ठरवलेल्या जागी येतो. पंचवीस वर्षं कोकणात राहिलेल्या पत्र्याला नवीन भोकं पाडून त्यावर रोज शेकडो वेळा पाय दाबायचा, हे मला पटत नाही. तिसरी आणि सगळ्यात मोठी, प्रवासाचा हिशोब. दुसऱ्या गाडीचे दोन सिलिंडर आणून बसवले की लिव्हर गरजेपेक्षा कमी सरकेल नाहीतर जास्त. कमी सरकली तर गिअर खरखरणार. जास्त सरकली तर डायफ्रॅमची बोटं मर्यादेपलीकडे दाबली जाणार, आणि ती वाकली की नवीन प्रेशर प्लेट. हे सगळं मोजून, पेडलला नीट स्टॉपर लावून करणारा कारागीर असतो, नाही असं नाही, पण तो आधी तुमच्या पेडलला मोजपट्टी लावेल. तुमच्या गॅरेजवाल्याने मोजपट्टी काढली होती का?

हायड्रॉलिक म्हणजे देखभाल नाही, असं मेव्हण्यांच्या क्वालिसकडे बघून वाटत असेल तर तेही सांगतो. मुख्य फायदा खरा आहे: प्लेट झिजत जाते तसा स्लेव्हचा पिस्टन आपोआप थोडा आत सरकत जातो आणि तेवढं तेल वर टाकीत परत जातं. ॲडजस्ट करायचं काही नसतं. पण याच गुणाची दुसरी बाजू अशी की पेडल तुम्हाला काही सांगत नाही. केबलच्या गाडीत प्लेट संपत आली की पकड वर सरकते, ड्रायव्हरला आधी कळतं. हायड्रॉलिकमध्ये पकड शेवटपर्यंत जवळजवळ एकाच जागी राहते आणि एक दिवस गाडी खंबाटकीत घसरायला लागते.

मग ब्रेक ऑइल. हायड्रॉलिक क्लचमध्येही तेच असतं आणि ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 या प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश सेल्सियस, पाणी शोषल्यावरच्या मापाने 140. डॉट 4ला हेच 230 आणि 155. क्लचमध्ये ब्रेकइतकी उष्णता नसते, त्यामुळे तेल उकळण्यापेक्षा त्यातल्या पाण्याने सिलिंडर आतून गंजणं हा तिथला रोग. सिलिंडरच्या आत खड्डे पडतात, त्या खड्ड्यांवरून रबराचे वायसर घासतात आणि फाटतात. दर दोन वर्षांनी ब्रेकचं तेल बदलताना क्लचचंही बदला, हे लोकांना सांगून सांगून मी थकलो. टाकीत तेल भरलेलं दिसतं म्हणजे सगळं ठीक, असं समजतात. तेलाचा रंग चहासारखा झालेला असतो तो कोणी बघत नाही. आणि काहीही झालं तरी त्या टाकीत इंजिन ऑइल घालू नका, ‘तात्पुरतं’ म्हणूनसुद्धा नाही. त्या रबरांना पेट्रोलियमचं तेल चालत नाही. ती फुगतात, आणि मग वरपासून खालपर्यंत प्रत्येक वायसर आणि रबरी होज बदलावा लागतो. ज्या गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते तिथे हे थेट ब्रेकवर येतं.

हवा शिरली तर काय होतं तेही मघाच्या आकड्यांत बघता येतं. पाच अष्टमांश इंची मास्टर 30 मिलिमीटर दाबला की साधारण 6 मिलिलिटर तेल पुढे जातं, फक्त सहा. त्यात एक मिलिलिटर हवा अडकली, तर ती दाबून चेपण्यातच एक षष्ठांश प्रवास गेला. खाली स्लेव्ह साडेतीन मिलिमीटर कमी सरकणार, आणि तेवढ्यात रिव्हर्स गिअर खरखरायला लागतो. एक मिलिलिटर म्हणजे जेमतेम वीस थेंब. म्हणून हायड्रॉलिक क्लचची हवा काढणं हे ‘दोन वेळा पंप मार, निपल (हवा सोडायचा स्क्रू) सोड’ इतकं सोपं काम नाही. स्लेव्ह आडवा किंवा निपल खाली असलेल्या गाड्यांत बुडबुडा वरच्या कोपऱ्यात बसून राहतो. तिथे स्लेव्हचा दांडा हाताने पूर्ण आत दाबून धरून हवा काढावी लागते, किंवा खालच्या निपलमधून सिरिंजने वर तेल चढवावं लागतं. खालून चढवायची पद्धत मला जास्त आवडते, कारण हवा मुळात वरच जायला बघते.

वरचा सिलिंडर गेला की खालचाही पाहूनच घ्या. वरच्याला नवीन वायसर पडले की दाब पूर्ण बसतो आणि खालचे जुने वायसर महिन्याभरात गळायला लागतात, हे नेहमीचं आहे. सिलिंडरला खड्डे असतील तर नुसतं रबराचं किट टाकून उपयोग नाही. जुन्या गाड्यांचे सिलिंडर नवीन मिळत नसतील तर लेथवर बोअर करून आत पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून मिळते. आमच्याकडे कोल्हापुरात उद्यमनगरात अशी कामं करणारे हात आहेत, आणि चांगली बसलेली स्लीव्ह मूळ सिलिंडरापेक्षा जास्त टिकते, कारण ती गंजत नाही.

रस्त्यात बिघाड झाला तर? केबल तुटते तेव्हा एकदम तुटते असं वाटतं, पण ती आधी एकेक तंतू सोडत असते. पकड रोज थोडी खाली जाते, नट आवळला की चार दिवस बरं, पुन्हा खाली. हे सुरू झालं की वाट बघू नका. 800ची केबल काही शे रुपयांत मिळते, एक डिकीत टाकून ठेवा, कुठल्याही गावातला मेकॅनिक बसवून देईल. हायड्रॉलिक बहुतेक वेळा सावकाश जातं. तेल उतरतं, पेडल खाली बसतं, दोन-तीनदा पंप केलं की गिअर पडतो. टाकी भरत, पंप करत घरी पोचता येतं. पण त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर पार्ट मिळेल याची खात्री नसते, आणि काही नव्या पद्धतीच्या गाड्यांत स्लेव्ह घंटेच्या आत, बेअरिंगलाच जोडलेला असतो. तिथे एका छोट्या रबर-प्लास्टिकच्या तुकड्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरतो.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, जुनी गाडी घेताना कोणती बघावी? ते गाडी कशी आणि किती चालणार यावर अवलंबून आहे. महिन्यातून दोनदा बाहेर निघणारी हौसेची गाडी असेल तर केबल बरी. ती उभी राहून फारशी बिघडत नाही, उलट उभ्या हायड्रॉलिक गाडीतले वायसर सुकतात आणि सिलिंडर गंजतात. रोज वापरायची, गर्दीत चालवायची आणि पार्ट मिळणारी असेल तर हायड्रॉलिकमध्ये सुख आहे. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांना मी कोणतीही एक यंत्रणा सुचवत नाही. त्यांनी ती विशिष्ट गाडी पाऊण तास गर्दीत चालवून बघावी, कारण जुन्या गाड्यांत एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे क्लच वेगळे लागतात. परदेशातून आणलेल्या जुन्या गाड्यांविषयी एकच सांगतो. फोक्सवॅगन बीटलमध्ये केबल ज्या आवरणातून गिअरबॉक्सकडे जाते ते आवरण मुद्दाम थोडं झोळ देऊन बसवायचं असतं, साधारण एक ते पावणेदोन इंच. नवा माणूस ते ताणून सरळ करतो आणि मग गाडी निघताना थरथरते. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं ते करा.

घेताना तपासायचं असं. हायड्रॉलिक गाडी असेल तर इंजिन चालू ठेवून, सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून एक मिनिट तसाच धरा. गाडी हळूच पुढे सरकायला लागली तर मास्टरचे वायसर आतल्या आत दाब सोडतायत. बाहेर थेंबही दिसणार नाही. मग खाली वाकून पेडलच्या दांड्याशी, जिथे तो फायरवॉलमधून जातो तिथे बोट फिरवा. ओलं लागलं किंवा तिथला रंग सोललेला दिसला तर तेल गळतंय, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. स्लेव्हच्या टोकाची रबरी टोपी जरा मागे ओढून आतही बघा.

केबलची गाडी असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूचा ॲडजस्टिंग नट बघा. प्लेट झिजते तसा तो ढिला करत करत थ्रेडच्या टोकाकडे न्यावा लागतो. तो अगदी टोकाला पोचलेला असेल आणि तरीही पेडलला ढील नसेल, तर प्लेट संपली. उलट तो आत गच्च आवळलेला असेल तर केबल ताणली गेली आहे किंवा फोर्क झिजलाय. पहिल्या प्रकारात क्लच सेट आणि गिअरबॉक्स उतरवायची मजुरी धरून किंमत बोला. दुसऱ्यात आधी थोडी मजुरी देऊन नवीन केबल टाकून बघा, मग ठरवा. तुमच्या 800चा नट आत्ता कुठे आहे, ते तेवढं बघून कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.